चालताना पोटरी भरून येणाऱ्यांसाठीच्या मराठी चित्रफिती : एक परीक्षण

पुण्यातील एका खासगी रुग्णालयाचा रक्तवाहिनी-शल्यचिकित्सा विभाग पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णांना आठ मराठी चित्रफितींचा संच देतो. निदान झाल्यावर बाह्यरुग्ण विभागातली परिचारिका रुग्णाच्या किंवा नातेवाइकाच्या व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवते आणि पहिली चित्रफीत तिथेच टॅबलेटवर दाखवते. बाकीच्या सवडीने घरी पाहायच्या असतात. माझी आई सत्तरीच्या पुढची आहे, तिचा मधुमेह जुना आहे, आणि हा आजार निघाल्यापासून आम्ही दोघींनी हा संच अनेकदा पाहिला, त्याप्रमाणे वागून पाहिले आणि त्यावरून वादही घातले. रुग्णालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली ज्या उणिवा लिहिल्या आहेत त्या या एका संचापुरत्या नाहीत. माझे मत आधीच सांगून टाकते. जिथे एखादी गोष्ट करून दाखवायची आहे तिथे हा संच उत्तम आहे, जिथे उपदेश करायचा आहे तिथे तो तोकडा पडतो, आणि पाहणाऱ्याला नंतर कोणी काही विचारणार नसेल तर त्यातला चांगला भागही निम्माच उपयोगी पडतो.

पहिली चित्रफीत आजाराची ओळख करून देते. पायांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांच्या आतल्या भिंतीवर चरबीयुक्त थर साचत जातो, बसल्या जागी पुरणारे रक्त चालताना स्नायूंना पुरेनासे होते, पोटरी भरून येते, माणूस थांबतो, काही मिनिटांत दुखणे ओसरते आणि जवळपास तेवढेच अंतर चालल्यावर पुन्हा सुरू होते, एवढे सगळे तिच्यात नीट येते. जगभरात २० कोटींहून अधिक लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आहे आणि त्यांतल्या पुष्कळ जणांना पायांची काही तक्रारच जाणवत नाही, हेही सांगितले आहे. सर्वांत मोलाचा भाग म्हणजे दोन माणसांचे दृश्य. दोघे एकाच पदपथावरून चालत आहेत आणि दोघांचेही पाय दुखू लागतात. एकजण नुसता उभा राहतो आणि त्याचे दुखणे थांबते. दुसऱ्याला उभे राहून आराम पडत नाही, त्याला कट्ट्यावर बसावे किंवा पुढे वाकावे लागते. पहिल्याचे दुखणे रक्तपुरवठ्याचे आणि दुसऱ्याचे कमरेच्या मणक्यांत दबलेल्या नसांचे, हा फरक त्या अर्ध्या मिनिटात जितका स्पष्ट होतो तितका तो छापील माहितीपत्रकाच्या दोन पानांतही होणार नाही. अशा दुखण्याला सरसकट सायटिका ठरवून कमरेचा पट्टा सुचवणारे हितचिंतक प्रत्येक सोसायटीत असतात, त्यांनाही हे दृश्य दाखवण्याजोगे आहे.

त्याच चित्रफितीतले अॅनिमेशन मात्र मला अनावश्यक वाटले. लाल पेशी बोगद्यातून झेपावत येतात, संगीत चढते, पिवळा थर फुगतो आणि मिनिटभर एकही शब्द उच्चारला जात नाही. आईने ते पाहून एकच प्रश्न केला, “हे माझ्याच पायातलं हाय व्हय?” या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर कुठेच नव्हते, कारण पाय दाखवलाच नव्हता. नंतर येणारी तुंबलेल्या नळाची उपमा समजायला सोपी आहे, पण तिचा एक दुष्परिणाम होतो. नळ एकदा साफ केला की काम संपले असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात पायाच्या धमन्यांत जे घडले आहे ते हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही घडत असण्याची शक्यता मोठी असते, आणि या रुग्णांना हृदयविकाराच्या झटक्याचा व पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. ही बाब शेवटच्या काही सेकंदांत, निवेदिकेच्या घाईच्या एका वाक्यात उरकली आहे. खरे तर ती सुरुवातीलाच यायला हवी होती, कारण पुढच्या सगळ्या गोळ्या आणि पथ्ये त्याच धोक्यासाठी आहेत.

दुसरी चित्रफीत तपासणीची आहे. रुग्ण पाठीवर झोपतो, दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना आळीपाळीने रक्तदाबाचा पट्टा बांधतात, थंड जेल लावून डॉपलरची छोटी कांडी धमनीवर ठेवतात आणि रक्ताचा फुसफुस असा आवाज ऐकू येतो. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब म्हणजे एबीआय. घोट्याला ८४ आणि दंडाला १४० आले तर ०.६० होतात, आणि ०.९० किंवा त्याहून कमी आकडा आजार दाखवतो. जुन्या मधुमेहात धमन्या कडक होऊन पट्ट्याने दबत नाहीत आणि आकडा फसवा, म्हणजे १.४० च्याही वर येऊ शकतो, अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात, हेही या चित्रफितीत आहे आणि ते असणे आवश्यक होते. सुई नाही, दुखत नाही, हे पाहून आई निर्धास्त झाली. या चित्रफितीबद्दल एवढेच पुरे.

संचाचा प्राण तिसऱ्या चित्रफितीत आहे, आणि तिचा विषय चालणे हा आहे. साठीचे एक गृहस्थ, साधा शर्ट, पायांत मोजे आणि कापडी बूट, बागेच्या फरसबंद वाटेवरून चालत आहेत. पडद्याच्या एका कोपऱ्यात घड्याळ आहे आणि खाली दुखण्याची शून्य ते चार अशी पट्टी. दृश्य कुठेही कापलेले नाही. दुसऱ्या मिनिटाला पट्टी एकवर जाते, गृहस्थ पोटरीकडे पाहतात पण थांबत नाहीत. पट्टी दोनवर जाते, पावले किंचित आखूड होतात. तीनवर गेल्यावर ते बाकावर टेकतात आणि कॅमेरा त्यांच्यासमोर तसाच थांबतो. पुढची जवळजवळ दोन मिनिटे पडद्यावर फक्त एक बसलेला माणूस आणि सावकाश खाली येणारी पट्टी आहे. शून्य झाल्यावर ते उठतात आणि पुन्हा चालू लागतात. मधे एका क्षणी ते बुटाची नाडी सैल करून पुन्हा बांधतात, ते बहुधा कोणी सांगून केलेले नसावे. ज्याने ही दोन मिनिटे कापू दिली नाहीत त्याला रुग्ण कळतो असे मी म्हणेन. विश्रांती हा व्यायामाचाच भाग आहे, तिची लाज वाटण्याचे कारण नाही आणि घाई करण्याचेही नाही, ही गोष्ट सांगून पटत नाही, ती बसून पाहावी लागते.

निवेदनातले “दुखतंय म्हणजे पाय बिघडतोय असं नाही” हे वाक्य आईसाठी निर्णायक ठरले. तोपर्यंत पहिली कळ आली की ती थांबायची, कारण दुखणे म्हणजे इजा असा तिचा आयुष्यभराचा हिशेब होता आणि शेतात राबलेल्या माणसाचा तो हिशेब अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. या आजारात मात्र नेमके उलटे आहे. २०२१ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत घरच्या घरी चालणाऱ्या रुग्णांचे गट केले होते. त्यांत पायांत त्रास जाणवेल अशा वेगाने चालणाऱ्यांची चाल सुधारली, आणि त्रास होणार नाही अशा बेताने चालणाऱ्यांना व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा काही वेगळा लाभ झाला नाही. चित्रफितीत या चाचणीचा उल्लेख नाही, पण सांगितलेली पद्धत तिच्याशी जुळणारी आहे. आठवड्यातून किमान तीन दिवस चालायचे, सुरुवातीला विश्रांती धरून अर्धा तास आणि पुढे पाऊण तासापर्यंत वाढवत न्यायचे, आणि किमान १२ आठवडे नेटाने करायचे. पायाला जखम असेल, बसल्या जागी पाय दुखत असेल किंवा चालताना छातीत भरून येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ही सूचना अगदी आरंभी ठळक अक्षरांत येते, त्याबद्दल चित्रफीत करणाऱ्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत.

याच चित्रफितीत एक विधान मात्र मला खटकले. चालल्यामुळे अडथळ्याला वळसा घालणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या तयार होतात आणि रक्तपुरवठा पूर्ववत होतो, असे ती छातीठोकपणे सांगते. व्यायामाने चालण्याचे अंतर वाढते याबद्दल शंका नाही. पण तो लाभ मुख्यतः स्नायू मिळालेला प्राणवायू अधिक चांगल्या रीतीने वापरू लागल्यामुळे, धमन्यांचे आतले अस्तर सुधारल्यामुळे आणि चालण्याची ढब सुधारल्यामुळे होत असल्याचे मानले जाते. नव्या वाहिन्यांचा पुरावा त्या मानाने तोकडा आहे, आणि एबीआयचा आकडा व्यायामानंतर बहुतेक वेळा होता तिथेच राहतो. हा केवळ काथ्याकूट नव्हे. तीन महिने घाम गाळलेला रुग्ण पुन्हा तपासणी करतो, आकडा हललेला नसतो, आणि ‘रक्तपुरवठा पूर्ववत होतो’ हे ऐकलेले असल्यामुळे आपले कष्ट पाण्यात गेले असे समजून चालणे सोडून देतो. आकड्याकडे पाहू नका, पूर्वी थांबे न घेता कुठपर्यंत जात होतात आणि आता कुठपर्यंत जाता ते पाहा, एवढे एक वाक्य घातले असते तरी हा धोका टळला असता. आईने तो मापदंड आपला आपणच ठरवला. सोसायटीच्या फाटकापासून किराणा दुकानापर्यंत ती पूर्वी इस्त्रीवाल्याच्या टपरीशी थांबत असे आणि आता मेडिकलपर्यंत जाते.

पायांची निगा हा चौथ्या चित्रफितीचा विषय. रोज पायाची तपासणी कशी करायची, तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून कसा पाहायचा, पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कशा टिपून कोरड्या करायच्या, मलम टाचेला लावायचे पण बेचक्यांत का लावायचे नाही, नखे सरळ का कापायची, बूट घालण्यापूर्वी आत हात घालून खडा आहे का ते का पाहायचे, हे सगळे एका वयस्क बाईंच्या खऱ्याखुऱ्या पायांवर दाखवले आहे. पाय रंगरंगोटी केलेले नाहीत, टाचांना भेगा आहेत, एका नखाखाली काळे आहे. प्रेक्षकाला हे पाय आपले वाटतात. गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका, ही सूचना दोनदा दिली आहे आणि ती दोनदा देणे योग्यच आहे. आपल्या घरांत पाय दुखला की शेक हे पहिले औषध असते. मधुमेहाने संवेदना बोथट झालेल्या पायाला चटका समजत नाही, आणि रक्त कमी पोहोचत असल्यामुळे भाजलेली जागा भरून येत नाही. कुरूप ब्लेडने कापू नये आणि त्यावर औषधी पट्टीही स्वतःच्या मनाने लावू नये, कारण त्या पट्टीतले आम्ल भोवतालची चांगली कातडीही खाते, हे सांगितल्याबद्दल आभार मानायला हवेत. मेडिकलमध्ये ती पट्टी कोणीही काही न विचारता देतो.

आणि तरीही या चित्रफितीला मराठी बाईचा पाय नीटसा दिसलेला नाही, असे म्हणावे लागते. जोडव्यांचा उल्लेखच नाही. पाय सुजला की जोडवे बोटात रुतते, त्याखाली ओल राहते, कातडी सोलवटते आणि ते न काढता तपासणी केली तर नेमकी तीच जागा पाहायची राहते. वज्रीने टाचा खसाखसा घासण्याची सवय, पावसाळ्यातल्या चिखल्या, देवळाबाहेर चपला काढून तापलेल्या फरशीवर घातलेल्या प्रदक्षिणा, घरात अनवाणी वावरण्याचा संस्कार, यांतले काहीच नाही. ‘अनवाणी चालू नका’ असे सांगितले आहे खरे, पण पडद्यावर समुद्रकिनारा आहे. ज्या बाईला देवघरासमोर चप्पल घालायची नाही तिने काय करायचे, धुतलेली वेगळी सपाता चालेल का, जाड मोजे चालतील का, हा खरा प्रश्न आहे आणि तो विचारायला आई डॉक्टरांसमोर संकोचली. परिचारिकेने मात्र तो न विचारताच ओळखला आणि घरात वापरायची वेगळी, मागे पट्टा असलेली मऊ चप्पल सुचवली. तेच अर्ध्या मिनिटाचे संभाषण चित्रित करून जोडले तर ही चित्रफीत परिपूर्ण होईल.

पाचवी चित्रफीत तंबाखूची, आणि ती संचातली सर्वांत दुबळी आहे. ती सिगारेटपासून सुरू होते आणि सिगारेटपाशीच संपते. करड्या रंगात खोकणारा माणूस, काळे फुप्फुस, रडणारी मुलगी. धूम्रपान हे या आजाराचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण आहे यात वाद नाही, पण २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातल्या प्रौढांपैकी १०.७ टक्के लोक धूम्रपान करतात आणि २१.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरतात. मळलेली तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांच्याविषयी चकार शब्द नसलेली मराठी चित्रफीत कोणासाठी केली असावी? आई सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात वाढली आणि लहानपणापासून सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. चित्रफीत पाहून ती समाधानाने म्हणाली, “मी कुठं ओढतीया काय?” तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड तिच्या लेखी दात घासण्याची वस्तू आहे. धुराच्या तुलनेत मिश्रीचा आणि पायांच्या धमन्यांचा संबंध कमी अभ्यासला गेला आहे हे खरे. पण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि डॉक्टरांनी ती बंद करायला स्पष्ट शब्दांत सांगितले, तेही आम्ही विषय काढल्यावर. तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक मात्र शेवटी मोठ्या अक्षरांत दिला आहे, आणि तो उपयोगी आहे.

इथेच आणखी एक गोष्ट नोंदवते. संचातला रुग्ण कायम साठीच्या पुढचा आहे. तंबाखूशी थेट निगडित असा बर्गरचा आजार, ज्याचे सविस्तर वर्णन लिओ बर्गर यांनी १९०८ साली केले, तो तरुण वयात, प्रामुख्याने विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत होतो, आणि त्यात पायांची, कधी हातांचीही बोटे काळी पडतात. तंबाखू पूर्ण सोडणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे. त्याच प्रतीक्षाकक्षात, त्याच टॅबलेटवर हा संच पाहणाऱ्या पस्तिशीच्या विडी ओढणाऱ्या माणसाला यात स्वतःसाठी काही सापडणार नाही.

औषधांची चित्रफीत कोरडी आहे पण कामाची आहे. रक्त गोठू न देणारी गोळी का, कोलेस्टेरॉलचा अहवाल बरा आला तरी ते कमी करणारे स्टॅटिन हे औषध का चालू ठेवायचे, चालण्याचे अंतर वाढवणारे सिलोस्टॅझॉल जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा दोन तासांनंतर का घ्यायचे आणि हृदय कमकुवत झालेल्यांना ते का देत नाहीत, हे सगळे पाच मिनिटांत येते. अहवाल चांगला आला म्हणून स्टॅटिन परस्पर बंद करणारे निदान दोघे तरी प्रत्येकाच्या नात्यात निघतील. या चित्रफितीत अक्षरे बारीक आहेत आणि ती मोबाइलवर वाचता येत नाहीत, एवढी एकच तक्रार.

सातवी चित्रफीत अँजिओप्लास्टी आणि बायपासची आहे, आणि निर्मितीच्या दृष्टीने संचातली सर्वांत देखणी. जांघेतून घातलेली बारीक तार, अडथळ्यापाशी फुगणारा फुगा, जाळीदार स्टेंट, किंवा पायातलीच शीर काढून घातलेला वळणरस्ता, हे समजण्याजोगे दाखवले आहे. यांतल्या अँजिओप्लास्टीचा उगम १९६४ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात झाला. पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या एका ८२ वर्षांच्या बाईंची अरुंद झालेली मांडीची धमनी क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांनी आतून रुंद केली आणि त्यांचा पाय वाचला. चित्रफितीत हा इतिहास नाही, पण मला तो माहीत होता आणि आईला सांगितल्यावर तिला निवेदनापेक्षा त्या बाईच जास्त पटल्या. माझा आक्षेप वेगळाच आहे. नुसते चालताना पाय दुखतो, जखम नाही, रात्रीचे दुखणे नाही, अशा रुग्णाला आधी व्यायाम आणि औषधे, आणि त्यांनी भागले नाही व जगणे अडले तर शस्त्रक्रिया, हा सर्वमान्य क्रम आहे. ही चित्रफीत मात्र “आता थांबू नका, लगेच भेटा” अशा आवाहनाने संपते आणि कोणी थांबावे व कोणी थांबू नये याचा भेद करत नाही. रुग्णशिक्षणाच्या चित्रफितीला जाहिरातीचा वास येऊ लागला की आधीच्या सहा चित्रफितींनी कमावलेला विश्वासही ढळतो. बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरांनी आम्हांला शस्त्रक्रियेची घाई मुळीच केली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

शेवटची चित्रफीत धोक्याच्या खुणांची. एक पाय अचानक खूप दुखू लागणे, गार पडणे, पांढुरका होणे, बधिर होणे, बोटे हलवता न येणे ही तातडीची अवस्था आहे आणि काही तासांच्या आत रक्त सुरू झाले नाही तर पाय गमवावा लागू शकतो, हे ती नीट सांगते. रात्री पावलांत ठणका लागून झोपमोड होणे आणि पाय पलंगाखाली लोंबता सोडल्यावर बरे वाटणे, तसेच न भरणारी जखम, या खुणांसाठीही वेळ दवडू नये असे सांगितले आहे. चूक आहे ती चित्रांत. पांढुरका पडलेला पाय म्हणून जी छायाचित्रे वापरली आहेत ती गोऱ्या परदेशी माणसांच्या पायांची आहेत. सावळ्या कातडीवर पांढुरकेपणा तसा दिसत नाही. तो तळव्यावर आणि नखांखाली शोधावा लागतो, आणि रंगापेक्षा दुसऱ्या पायाशी तुलना करून स्पर्शाने समजणारा गारवा अधिक भरवशाचा ठरतो. चौथ्या चित्रफितीसाठी ज्यांनी पाय दाखवले त्या बाई हाताशी असताना इथे विकतची छायाचित्रे का वापरावीत, हे समजत नाही. शिवाय रात्री दोन वाजता कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, तो क्रमांक पडद्यावर कुठेच नाही.

आता वापराविषयी. प्रत्येक चित्रफितीच्या शेवटी ‘समजले का?’ अशी प्रश्नावली येते आणि हो-नाही असे पर्याय असतात. आईने सगळीकडे ‘हो’ दाबले, प्रत्येक वेळी हिरवी खूण आली आणि अभिनंदनाचा संदेशही आला. अशा प्रश्नावलीने रुग्णाला काय समजले हे समजत नाही, केवळ त्याने बटण दाबले एवढेच समजते. याउलट पुढच्या भेटीत परिचारिकेने आईला, “आजी, आता तुम्ही मला सांगा, पाय दुखायला लागला की काय करता?” असे विचारले तेव्हा दोन मिनिटांत दोन गैरसमज बाहेर आले. विश्रांतीनंतर आई पुन्हा चालायला लागण्याऐवजी घरी परतत होती, आणि शेजारच्यांनी दिलेले घट्ट दाबाचे मोजे घालत होती. ते मोजे फुगलेल्या शिरांसाठी असतात. धमन्या अरुंद झालेल्या पायाला ते डॉक्टरांना न विचारता घालणे धोक्याचे आहे. पहिल्या चित्रफितीत हे एका ओळीत सांगितलेले आहे आणि आईने ती ओळ कितीतरी वेळा ऐकलेली होती.

संशोधनातूनही काहीसे असेच दिसते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या रुग्णांचा गट दर आठवड्याला प्रत्यक्ष भेटत असे आणि चालणे घरी करत असे, तेव्हा त्यांची चाल सुधारली. २०१८ च्या दुसऱ्या चाचणीत मनगटावरचे यंत्र आणि फोनवरून मार्गदर्शन एवढ्यावरच मुख्यतः भिस्त ठेवली, तेव्हा चालण्याच्या क्षमतेत नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला नाही. अमेरिकेत २०१७ पासून मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना देखरेखीखालच्या व्यायामाची १२ आठवड्यांतली ३६ सत्रे देते. आपल्याकडे अशी सोय मोजक्या ठिकाणी असल्यामुळे चित्रफितीवरच पुष्कळ भार पडतो, आणि म्हणूनच या रुग्णालयाने परिचारिकेच्या त्या भेटीला संचाचा अधिकृत भाग करावे असे मला वाटते. सध्या ती भेट त्या दिवशी कामावर कोण आहे यावर अवलंबून असते.

संचासाठी वेगळे पैसे घेत नाहीत, ते तपासणीच्या शुल्कातच धरलेले असतात. इतर रुग्णालयांत उपचार घेणाऱ्यांना तो मिळत नाही. पायाचा त्रास असलेल्या नात्यातल्या माणसासाठी घ्यायचा तर तिसरी आणि चौथी चित्रफीत आधी दाखवावी, पाचवी बाजूला ठेवून तंबाखूविषयी स्वतः बोलावे आणि सातवी डॉक्टरांशी बोलणे झाल्याशिवाय पाहू देऊ नये. दुवा सहा महिन्यांनी आपोआप बंद होतो आणि चित्रफिती उतरवून घेता येत नाहीत. आमचा बंद झाला तेव्हा स्वागतकक्षात केसपेपर दाखवून विनंती केल्यावर तो पुन्हा सुरू करून मिळाला, मात्र त्यासाठी प्रत्यक्ष जावे लागले, फोनवर काम झाले नाही.